संगमेशचा कॉम्प्युटर गप्प झाला

संगमेश मगदूमची नजर एका दिवसात गेली नाही. आधी कडा गेल्या. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात तो टायपिस्ट होता, आणि चालताना टेबलांचे कोपरे त्याच्या मांडीला लागायला लागले. बरोबरचे लोक हसायचे, तोही हसायचा. मग एकदा कागलच्या नाक्यावर डाव्या अंगानं आलेला टेम्पो त्याला दिसलाच नाही. थोडक्यात वाचला. मिरजेच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं ते म्हणाले. औषधं झाली, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तेव्हा खिडकी कुठं आहे एवढंच त्याला उजेडावरून कळत होतं. पुढच्या उन्हाळ्यात तेही कळेनासं झालं. तेव्हा तो पस्तिशीचा होता.

त्या काळात त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. वडील रुद्राप्पा, ज्यांचं कागलात बी-बियाणांचं दुकान होतं, पोराच्या डोळ्यांचा धसका घेऊन गेले. आई आधीच नव्हती. राहिली थोरली बहीण दानम्मा, त्याची अक्का. ती निपाणीकडं दिली होती, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. ती एक ट्रंक घेऊन कोल्हापूरला आली आणि कसबा बावड्यातल्या दोन खोल्यांत भावाबरोबर राहायला लागली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून ती दुकानांना द्यायची. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी पाट्या अक्षराला अक्षर लावून वाचायची. इंग्रजीचा गंध नव्हता.

अडीच-तीन वर्षं संगमेश खुर्चीत बसून होता. सकाळी अक्का खुर्ची दारात ठेवायची, ऊन चढलं की आत घ्यायची. आल्यागेल्याचं बोलणं ऐकायचं, रेडिओ ऐकायचा, जेवायचं. पुढंपुढं त्यानं रेडिओ लावणंही सोडलं. शेजारचे लोक त्याच्यासमोरच अक्काला विचारायचे, ‘ह्यो जेवला काय?’ जणू त्याचे कानही गेले होते.

पुण्याला अंधांना कॉम्प्युटर शिकवतात हे फाउंड्रीचे मालक वसंतराव यांनीच कुठूनतरी ऐकलं आणि त्याला पाठवलं. तिथं शिकवणारा मृत्युंजय स्वतःही जन्मांध होता, मूळचा गडहिंग्लजचा. कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम असतो, पडद्यावर जे जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्यानं वाचून दाखवतो, हे त्यानं संगमेशला दाखवलं. बोट कुठल्या बटणावर पडलं तेही तो प्रोग्रॅम बोलून सांगायचा. टायपिंग तर संगमेशच्या बोटांत होतंच. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि यंत्रानं ते इंग्रजी ढंगानं, चुकीचं, पण स्पष्ट वाचलं. तो ते पुन्हा पुन्हा वाचायला लावत बसला.

परत येताना त्याच्याजवळ एका ट्रस्टनं देणगी दिलेला तो बोलणारा प्रोग्रॅम होता. तो फार महागाचा, आणि त्याची परवान्याची फ्लॉपी एकदाच चालणारी. ज्या कॉम्प्युटरवर ती लावली त्याच्याशीच परवाना बांधला जायचा. वसंतरावांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आणि मोडेम त्याच्या घरी पाठवला आणि परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं त्याच्यावर सोपवली. पंपांचे सुटे भाग जर्मनीला जायचे, इटलीला जायचे. तिकडून ई-मेल यायची, संगमेश ती ऐकायचा, फोनवर वसंतरावांना विचारायचा आणि उत्तर लिहायचा. त्याचं इंग्रजी जुन्या वळणाचं, नेटकं होतं. खुर्ची आता दारातून टेबलाशी आली. शेजारचे लोक त्याला विचारायला लागले, ‘काय संगूदादा, जेवलासा का?’

हे दोनेक वर्षं चाललं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एक मेल आली. इटलीच्या गिऱ्हाइकाच्या नावानं आली होती, आणि संगमेश त्यांच्याच एका ड्रॉइंगची वाट बघत होता. त्यानं सोबतची फाइल उघडली. काहीच उघडलं नाही. नंतर यंत्र जड चालायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं. राजारामपुरीत शार्दूल नावाच्या तरुणाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो आला, सीडी लावून तपासणी केली, व्हायरस सापडला म्हणाला, काढून टाकला आणि गेला. अजून बोलणं चालू होतं. संगमेशनं एकदा यंत्र बंद करून पुन्हा लावलं. सुरुवातीची धून वाजली. त्यानंतर काही नाही.

तो थांबला. परत बंद केलं, परत लावलं. धून, आणि मग शांतता. पंखा फिरत होता, डबा गरम होत होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. स्पीकरच्या वायरी त्यानं काढून पुन्हा खोचल्या. की-बोर्डवर बोटं आपटली. एवढी वर्षं ज्या आवाजाच्या आधारानं तो त्या पडद्याच्या आत शिरत होता, तो आवाज गेला होता. टेबलावर आता एक गरम डबा होता, आणि त्याच्यापुढं एक आंधळा माणूस.

अक्कानं पडदा बघून सांगितलं की मधोमध एक चौकट आली आहे आणि तीत इंग्रजीत काहीतरी लिहिलं आहे. काय लिहिलंय ते तिला सांगता येईना. शेजारी कुणी इंग्रजी वाचणारं त्या वेळी नव्हतं. शार्दूलला फोन केला तर तो म्हणाला, ‘दुकानात आणून ठेवा, बघतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं रिक्षात घालून डबा त्याच्याकडं पोचवला. संगमेशनं रात्रभर डोळा लावला नव्हता. पहाटे कुठं झोप लागली होती म्हणून तिनं त्याला उठवलं नाही.

दुपारी ती परत आली आणि भावाला म्हणाली की काळजी नको, शार्दूल सगळं धुऊनपुसून नव्यासारखं करून देतो म्हणालाय.

संगमेश ताठ झाला. ‘काय म्हणाला? शब्द काय वापरला?’

‘काय ते फारमेट का काय. मी सांगिटलो, करा बाबा काय करायचं ते.’

फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं. त्यात बोलणारा प्रोग्रॅमही पुसला जाणार होता आणि त्याच्याशी बांधलेला परवानाही. फ्लॉपी वापरून संपलेली. ट्रस्टनं एकदा दिलं, पुन्हा कोण देणार? संगमेशनं दुकानाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. तो उठला, काठी न घेताच दाराकडं निघाला आणि उंबऱ्यावर पडला. ‘अक्का, रिक्षा बघ. आत्ताच्या आत्ता बघ,’ एवढंच तो म्हणाला. त्याच्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं की आपण काहीतरी भयंकर करून आलो आहोत.

बावड्याहून राजारामपुरीकडं रिक्षा निघाली. दुपारची वेळ, सिग्नलला रिक्षा थांबली की संगमेशची बोटं गुडघ्यावर टाइप केल्यासारखी हलायची. अक्का बाहेर बघत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. नवऱ्याचं आजारपण, सासर सुटणं, वडिलांचं जाणं, यातलं काहीच आपल्या हातानं झालं नव्हतं. हे मात्र आपण आपल्या तोंडानं, नीट न विचारता, करा म्हणून सांगून आलो, असं तिच्या मनात घुमत होतं. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. शार्दूल जेवायला गेला होता. वाकून आत जाऊन अक्कानं बघितलं तर जमिनीवर ओळीनं डबे ठेवलेले, सगळे सारखेच. तिनं आपल्या डब्यावरचा हळदीचा डाग ओळखला. वायरी लावलेल्या नव्हत्या. तिनं संगमेशचा हात धरून त्या डब्यावर ठेवला. तो खाली बसला आणि डब्याला हात लावून तसाच बसून राहिला. शार्दूल आला तेव्हाही उठेना. शार्दूल भला माणूस होता. आपण संध्याकाळी हात घालणार होतो, असं त्यानं सांगितलं. पण फॉरमॅटशिवाय दुसरा इलाज आपल्याला माहीत नाही, हेही त्यानं खरं तेच सांगितलं. दोघं डबा घेऊन परत आली.

आता पुण्याला मृत्युंजयला फोन केला. तो म्हणाला की चौकटीत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय मी काय सांगू?

संगमेशनं अक्काला पडद्यासमोर बसवलं आणि आपला उजवा तळहात तिच्यापुढं धरला. जसं दिसतंय तसं बोटानं काढ, म्हणाला. त्यानं ती अक्षरं वीस-पंचवीस वर्षं डोळ्यांनी बघितली होती, ती त्याच्या आत होती. अक्कानं पडद्यावर डोळे रोवले आणि त्याच्या तळव्यावर एक गोल काढला. ‘ओ,’ तो म्हणाला. मग उभी काठी आणि तिच्या उजव्या बाजूला वर पोट. ‘पी.’ कधी तिचं चुकायचं, कधी दोन अक्षरं ती जोडून काढायची. तिची बोटं भाकरी थापून खरबरीत झालेली. पहिली ओळ पुरी व्हायला बराच वेळ गेला. यंत्र विचारत होतं: ही फाइल कशात उघडू? आणि त्याखाली ज्या फाइलचं नाव होतं, तो होता त्याचा बोलणारा प्रोग्रॅम.

संगमेशनं ते ऐकवताच मृत्युंजयनं दुखणं ओळखलं. त्यानं समजावून सांगितलं ते असं. कुठली फाइल कुणी उघडायची हे कॉम्प्युटरला ठरवून दिलेलं असतं. चित्र असेल तर एका प्रोग्रॅमकडं, पत्र असेल तर दुसऱ्याकडं. फाइल कुठल्या जातीची हे नावाच्या शेपटीवरून, म्हणजे टिंबानंतरच्या अक्षरांवरून कळतं. खुद्द प्रोग्रॅमच्या नावाची शेपटी ई-एक्स-ई. त्यांना कुणाकडं पाठवायचं नसतं, ते आपले आपण चालतात. त्या व्हायरसनं नेमकं तिथं आपलं नाव घुसवलं होतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आधी त्याच्या हातून जावा. शार्दूलनं व्हायरस काढला, पण ते घुसवलेलं नाव तसंच राहिलं. आता यंत्र प्रत्येक प्रोग्रॅमला अशाकडं पाठवत होतं, जो उरलाच नव्हता. म्हणून ते विचारत बसलं होतं.

‘तुझा प्रोग्रॅम मेला न्हाय,’ मृत्युंजय म्हणाला. ‘दारात उभा हाय. त्याला आत कुणी घेईना एवढंच.’

ते घुसवलेलं नाव काढून सगळं जिथल्या तिथं लावणारा एक अगदी छोटा प्रोग्रॅम मिळतो, तो फ्लॉपीत घालून कुरिअरनं पाठवतो, असं त्यानं सांगितलं. मधे रविवार आला. सोमवारी कुरिअर आलं नाही.

फाउंड्रीत मेल साठत होत्या. जर्मनीचा माल बंदरात अडकला होता आणि कुठल्याशा दाखल्याबद्दल तिकडून विचारणा होती, तिला उत्तर गेलं नव्हतं. वसंतरावांनी दोनदा फोन करून चौकशी केली. रागावले नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांची पुतणी अवंतिका घरी आली. बी.कॉम. झालेली, शांत मुलगी. सध्यापुरतं मी बघते, काकांनी मेलचा पासवर्ड मागितलाय, असं ती म्हणाली. सध्यापुरतं हा शब्द तिनं जपून उच्चारला. संगमेशनं पासवर्ड सांगितला, एकेक अक्षर, सावकाश. फाइली कुठल्या कप्प्यात आहेत, इटलीवाल्यांना कसं लिहावं लागतं, तेही सांगितलं. ती गेल्यावर त्यानं उठून खुर्ची धरली, चाचपत दारात नेऊन ठेवली आणि तिथं बसला.

अक्कानं जेवायला हाक मारली. तो म्हणाला, ‘आता मला हाका मारू नगोस.’ त्या दिवशी त्यानं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी दोन घास. अक्का भाकऱ्या थापता थापता दाराकडं वळून वळून बघायची. नदी लांब नव्हती. त्याला तिकडची वाट पायांनी माहीत होती. तिनं दुकानांचा माल त्या आठवड्यात पोचवलाच नाही, घर सोडून हललीच नाही.

फ्लॉपी आली ती बुधवारी दुपारी. संगमेशच्या हातात दिली तर त्यानं ती मांडीवर ठेवली. उठेना. अक्कानं त्याच्या दंडाला धरून त्याला टेबलाशी आणलं. रन नावाची चौकट की-बोर्डवरून उघडता येते, ती त्याला पाठ होती. त्यानं फ्लॉपीतल्या त्या प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं, एंटर दाबलं. ड्राइव्ह घरघरला. अक्का वाकून बघत होती.

‘काय आलं?’

‘तीच चौकट आली रं, संगू.’

त्या छोट्या प्रोग्रॅमच्या नावाची शेपटीही ई-एक्स-ई हीच होती. औषधालाही तोच रोग. संगमेश हसला. त्यानं हात की-बोर्डवरून काढून घेतले आणि म्हणाला की त्या शार्दूलला बोलाव, पुसू दे सगळं, संपव एकदा. अक्का पहिल्यांदाच त्याच्या विरोधात उभी राहिली. तिनं फोन उचलला आणि पुण्याचा नंबर फिरवला. तो तिला अजून वाचता येत नव्हता, पण बोटं कुठून कुठं जातात ते तिनं भावाकडं बघून बघून लक्षात ठेवलं होतं.

मृत्युंजयनं ऐकून घेतलं. आपल्याच डोक्यात हे आधी यायला हवं होतं, म्हणाला. मग त्यानं फोन संगमेशच्या कानाला लावायला सांगितला. शेपटी बदलायची. ई-एक्स-ईच्या जागी कॉम लिहायचं. कॉम शेपटीचे प्रोग्रॅम जुन्या काळातले, त्यांची सोय वेगळी असते, तिथं त्या व्हायरसनं हात घातलेला नसेल. नाव बदलायला हुकूम टाइप करायची जी काळी खिडकी लागते, तिची शेपटीही कॉमच आहे, म्हणजे ती उघडेल.

‘आणि उघडली न्हाय तर?’

‘तर मग मला ठाऊक न्हाय,’ मृत्युंजय म्हणाला. खोटं बोलला नाही.

संगमेशनं त्या खिडकीचं नाव टाइप केलं. अक्का म्हणाली, काळं झालं, सगळं काळं. तो म्हणाला, काळंच पाहिजे. पुढची ओळ त्यानं एकेक अक्षर दाबत लिहिली, आणि दर अक्षराला अक्का पडद्यावर जे उमटलं ते त्याच्या तळव्यावर काढत गेली, कारण एक चुकलं तर कुणी सांगणारं नव्हतं. एकदा तिरकी रेघ उलट्या बाजूला पडली. तिनं काढली ती तशीच, उलटी. त्याला कळलं, त्यानं पुसून पुन्हा घातली. एंटर. फ्लॉपी घरघरली. अक्का म्हणाली की खाली नुसती रिकामी ओळ आली आहे, काही रागावलेलं दिसत नाही.

मग त्यानं नव्या नावानं तो प्रोग्रॅम बोलावला. अक्कानं सांगितलं, नवी चौकट. आधीची न्हवं. लहान आहे, आणि खाली एक बटण आहे. संगमेशनं एंटर दाबलं. चौकट गेली. बाकी काही झालं नाही. ना आवाज, ना काही. फोनवर मृत्युंजय म्हणाला की आता बंद करून लाव.

यंत्र बंद झालं, सुरू झालं. धून वाजली. पंखा फिरत राहिला. संगमेशनं दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट धरले होते. धुनेनंतरची शांतता आली, तीच, त्या आठवडाभर ऐकलेली. ती लांबली. अक्कानं डोळे मिटून घेतले आणि अप्पा वारले तेव्हा जसं पुटपुटली होती तसं पुटपुटायला लागली. फोनवर मृत्युंजय श्वास घेतोय एवढं ऐकू येत होतं.

मग स्पीकर खरखरला आणि तो सपाट, बायकीही नाही पुरुषीही नाही असा इंग्रजी आवाज बोलला. पडद्यावरच्या कुठल्याशा चित्राचं नाव त्यानं वाचलं, आणि त्यानंतरचं, आणि त्यानंतरचं.

संगमेशनं कपाळ टेबलावर टेकलं. त्याचे खांदे हलायला लागले. अक्काला इंग्रजी कळत नव्हतं. तिला वाटलं यंत्र काहीतरी वाईट सांगतंय. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘जाऊ दे संगू. जाऊ दे. मी हाय की.’ थोड्या वेळानं त्यानं मान वर केली आणि तिला सांगितलं की आला आवाज. तेव्हा ती तिथंच फरशीवर बसली.

सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. त्या दिवसांत जर्मनीच्या पत्रांना अवंतिकानं उत्तरं दिली होती, आणि ती बरी दिली होती. वसंतरावांनी काम काढून घेतलं नाही, पण अर्धं तिच्याकडं ठेवलं. माणूस आजारी पडतो, यंत्र बिघडतं, दोघं असलेले बरे, म्हणाले. संगमेशला ते पटलं. मनाला लागलं तरी पटलं. अवघड मसुदा असला की अवंतिका त्याला फोन करायची. पुढं दोन हजार आठ-नऊच्या मंदीत परदेशी मालच थांबला आणि ते कामही थांबलं. ते वर्ष दोघांनी कडक भाकरीवर काढलं. नंतर मृत्युंजयनं त्याला पुण्याच्या संस्थेचं काम मिळवून दिलं. घरी बसून, फोनवरून, नव्यानं शिकणाऱ्या अंधांना अडलेलं सांगायचं.

ही हकीकत ऐकायला मी त्यांच्याकडं गेलो होतो ते याच काळात. संगमेश कानाला फोन लावून कुणा मुलीला सावकाश समजावत होता, घाबरू नको, ते बंद पडलेलं नाही, काय विचारतंय ते आधी बघू. मधेच त्याला पडद्यावरच्या एका शब्दाचा संशय आला आणि त्यानं आवाज दिला. अक्का पीठ लागलेले हात घेऊन आली, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागली. आता तळहात लागत नव्हता. ती अक्षरं तोंडानं सांगत होती, एस, वाय, एस, आणि डब्ल्यूला मात्र अजून ‘दोन डोंगर उलटे’ म्हणत होती.